कार्डाला जमत नाही तेव्हा कर्नल काय करतो

लिनक्सवर ईथटूल हे नेटवर्कच्या सेटिंग दाखवणारे साधन चालवून एखाद्या इंटरफेसच्या सुविधांची यादी काढली की प्रत्येक नावापुढे 'ऑन' किंवा 'ऑफ' असे दिसते आणि वाचणारा साहजिकच धरून चालतो की 'ऑन' म्हणजे ते काम नेटवर्क कार्ड करते. हा समज अर्धाच बरोबर आहे. कंटेनरला जोडलेल्या व्हीईथ जोडीची, म्हणजे केवळ सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या दोन इंटरफेसांच्या जोडीची, यादी काढून पाहावी. त्या इंटरफेसच्या मागे कार्ड नाही, चिप नाही, केबल नाही; तरीही टीसीपी सेगमेंटेशन (मोठ्या पॅकेटचे तुकडे करणे) चालू, चेकसम (मजकूर शाबूत आहे का ते ताडण्याचा आकडा) चालू, व्हीलॅनचा (आभासी लॅनचा) टॅग लावणे चालू असे तेथे लिहिलेले असते. ही यादी खोटी नसते. तिचा अर्थ एवढाच की वरच्या थराने हे काम स्वतः करून पाठवण्याची गरज नाही, पुढे कोणीतरी ते करील. ते कार्ड करील की प्रोसेसर, हे त्या वेळी ठरलेले नसते, आणि ते शेवटपर्यंत न ठरवणे हाच या रचनेचा कणा आहे. ऑफलोडविषयी, म्हणजे प्रोसेसरचे काम कार्डाकडे सोपवण्याविषयी, जे लिहिले जाते ते बहुतेक कार्डांच्या क्षमतेविषयी असते. कार्ड 'हे मला जमत नाही' म्हणते तेव्हा चालणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी फारच थोडे लिहिले जाते, म्हणून हा लेख.

सर्वांत साधे उदाहरण चेकसमचे. टीसीपी आणि यूडीपीचा चेकसम म्हणजे सोळा बिटांच्या शब्दांची वन्स कॉम्प्लिमेंट पद्धतीची बेरीज. पाठवताना लिनक्स ती पूर्ण करत नाही. पत्ते, प्रोटोकॉल आणि लांबी यांच्या स्यूडो हेडरची बेरीज तो चेकसमच्या जागी लिहून ठेवतो आणि पॅकेटसोबत दोन आकडे देतो: बेरीज कोठून सुरू करायची आणि उत्तर कोठे लिहायचे. कार्डाने फक्त त्या जागेपासून शेवटपर्यंत बेरीज करून उत्तर दाखवलेल्या ठिकाणी ठेवायचे असते. आत टीसीपी आहे की यूडीपी, आयपीव्ही४ आहे की आयपीव्ही६, हे कळण्याचीही त्याला गरज नाही. कार्डाला हे जमत नसेल तर कर्नलमधले, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातले, 'एसकेबी चेकसम हेल्प' हे फंक्शन त्याच दोन आकड्यांवरून तेच काम करते. करार एकच असतो आणि तो पाळणारे दोघे असतात. मला या रचनेचे सौंदर्य येथेच दिसते, कारण फॉलबॅकसाठी, म्हणजे कार्डाऐवजी सॉफ्टवेअरने काम करण्याच्या पर्यायासाठी, वेगळी माहिती गोळा करावी लागत नाही. कार्डाला जे सांगितले असते तेच सॉफ्टवेअरला पुरते.

अर्थात प्रत्यक्षातली सगळी कार्डे इतकी उदार नसतात. काही कार्डे हा सर्वसाधारण करार पाळतात, तर काही फक्त साध्या टीसीपी आणि यूडीपीचाच चेकसम काढू शकतात. आयपीव्ही६ मध्ये एक्स्टेंशन हेडर आला किंवा पॅकेट एखाद्या बोगद्याच्या (टनेलच्या), म्हणजे दुसऱ्या पॅकेटच्या, आत गुंडाळलेले असले की दुसऱ्या प्रकारच्या कार्डाची समज संपते. एससीटीपी या आणखी एका प्रोटोकॉलची तर गोष्टच वेगळी आहे, कारण त्यात ही बेरीज नसून सीआरसी३२सी हा वेगळ्या गणिताचा आकडा असतो आणि बेरीज जाणणारे कार्ड त्याच्या काही कामाचे नाही; त्यासाठी कर्नलमध्ये स्वतंत्र सुविधा आणि स्वतंत्र फॉलबॅक आहे. यूडीपीतही एक खाच आहे. तेथे चेकसमच्या जागी शून्य असणे याचा अर्थ चेकसम काढलेलाच नाही असा होतो, म्हणून बेरजेचे उत्तर खरोखरच शून्य आले तर त्या जागी सोळाही बिट एक करून लिहावे लागतात. सॉफ्टवेअरच्या वाटेत ही काळजी एका ओळीत घेतलेली आहे आणि कोणालाही ती उघडून वाचता येते. चिपमध्ये ती घेतली आहे की नाही, हे तसे पॅकेट बाहेर पडेपर्यंत समजत नाही.

हा निर्णय होतो कोठे? पॅकेट ड्रायव्हरच्या हाती देण्याच्या अगदी आधी 'व्हॅलिडेट एक्समिट एसकेबी' नावाचे फंक्शन लागते. ते प्रथम या इंटरफेसला या पॅकेटसाठी काय काय जमते ते विचारते. 'या पॅकेटसाठी' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण एकच कार्ड एका पॅकेटला हो म्हणू शकते आणि लगेच पुढच्याला नाही म्हणू शकते. ड्रायव्हरला प्रत्येक पॅकेट पाहून नकार देण्याची सोय दिलेली आहे आणि हेडरची लांबी चिपच्या मर्यादेपलीकडे गेली की अनेक ड्रायव्हर ती वापरतात. त्यानंतर क्रमाने व्हीलॅनचा टॅग, सॉकेटशी निगडित तपासणी, मोठ्या पॅकेटचे तुकडे, विखुरलेल्या मेमरीचे एकत्रीकरण आणि चेकसम यांपैकी जे कार्डाला जमणार नाही ते सगळे तेथेच सॉफ्टवेअरने उरकले जाते. ड्रायव्हरपर्यंत जे पोहोचते ते त्याला झेपेल असेच असते.

काम इतके शेवटी करण्याचा खरा फायदा सेगमेंटेशनमध्ये दिसतो. १५०० बाइटांच्या एमटीयूवर (म्हणजे पॅकेटच्या कमाल लांबीवर) आयपीव्ही४ व टीसीपीचे हेडर आणि टाइमस्टॅम्प वजा केले की एका पॅकेटमध्ये १४४८ बाइट मजकूर मावतो. म्हणजे सुमारे ६४ किलोबाइट पाठवायचे तर जवळपास ४५ पॅकेटे होतात. ती टीसीपीनेच वरती तयार केली तर रूटचा शोध, फायरवॉलचे नियम, रांगेची व्यवस्था हे सगळे सोपस्कार ४५ वेळा होतात. टीएसओ, म्हणजे टीसीपीचे तुकडे स्वतः करण्याची सोय, असलेल्या कार्डाला एकच मोठे पॅकेट देता येते आणि तुकडे ते करते. पण कार्डात टीएसओ नसले तरी, ते एकच पॅकेट सगळ्या थरांतून खाली येऊ द्यावे आणि अगदी दारात, म्हणजे ड्रायव्हरकडे देताना, तुकडे करावेत, तर ४५ फेऱ्यांचा खर्च वाचतोच. हर्बर्ट शू यांनी २००६ साली २.६.१८ या कर्नलमध्ये जीएसओ (शेवटच्या क्षणी सॉफ्टवेअरने तुकडे करण्याची ही सोय) आणले ते याच विचारातून. फॉलबॅक म्हटले की आपल्या मनात नाइलाजाने पत्करलेली संथ वाट येते. जीएसओने दाखवून दिले की हार्डवेअरची मदत अजिबात नसतानाही फॉलबॅकची वाट जुन्या सरळ वाटेपेक्षा वेगवान असू शकते.

पुढे २०१८ साली या विचाराने एक पाऊल आणखी टाकले. ४.१७ या कर्नलपासून लिनक्सचे टीसीपी जीएसओ नेहमी उपलब्ध आहे असेच धरून चालते आणि चेकसमही नेहमी खाली काढला जाईल असे मानते. त्याआधी कार्डाची क्षमता पाहून टीसीपीच्या आत दोन वाटा फुटत असत: वापरकर्त्याच्या मेमरीतून मजकूर उचलतानाच चेकसम काढणारी एक आणि तो खाली सोपवणारी दुसरी. पहिली वाट क्वचितच वापरली जाई, त्यामुळे तिच्यात चुका साचत आणि नव्या सुधारणा तिच्यापर्यंत पोहोचत नसत. ती काढून टाकल्यावर टीसीपीचा कोड लहान झाला आणि कार्डाच्या मर्यादांचा विचार एकाच ठिकाणी, दाराशी, आला. माझ्या मते या संपूर्ण विषयातला हा सर्वांत शहाणा निर्णय आहे.

ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमने हाच क्रम वेगळ्या दिशेने गाठला, आणि तो मला विशेष आवडतो. तेथे २०२३ साली टीसीपीचे मोठे पॅकेट तयार करून आयपीच्या थरात त्याचे तुकडे करण्याची सोय आधी केवळ सॉफ्टवेअरमध्ये लिहिली गेली. एकाही ड्रायव्हरचा आधार नसताना ती उपयोगी होती. ड्रायव्हरचे काम त्यानंतर आले आणि दोन्ही मिळून ७.४ या आवृत्तीत लोकांच्या हाती पडले. योग्य वर्तन कोणते हे सॉफ्टवेअरने आधी ठरवून दिले असल्यामुळे कार्डाचे उत्तर ताडून पाहायला पहिल्या दिवसापासून काहीतरी हाताशी होते. फ्रीबीएसडीमध्येही चेकसम असाच पुढे ढकललेला असतो आणि बाहेर जाणारा इंटरफेस तो काढू शकत नसेल तर आयपीच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर तो पूर्ण केला जातो.

बोगदे आले की गणित अवघड होते. व्हीएक्सलॅन या प्रकारच्या बोगद्यात आतल्या टीसीपीचा एक चेकसम आणि बाहेरच्या यूडीपीचा दुसरा, असे दोन असतात आणि बहुतेक कार्डे पाठवताना एकच काढून देतात. मग दुसऱ्यासाठी प्रोसेसरने सगळा मजकूर वाचायचा का? येथे लिनक्समध्ये एक फार सुंदर युक्ती आहे, जी लोकल चेकसम ऑफलोड या नावाने ओळखली जाते. आतला चेकसम कार्ड नंतर भरणार असले, तरी तो भरल्यानंतर त्या भागाची एकूण बेरीज किती होईल हे आधीच ठाऊक असते, कारण चेकसमचा हेतूच मुळी ती बेरीज एका ठरलेल्या किमतीवर आणणे हा असतो. ती किंमत आतल्या स्यूडो हेडरवरून निघते. म्हणून बाहेरचा चेकसम केवळ हेडरांच्या बेरजेवरून काढता येतो आणि मजकुराच्या एकाही बाइटला हात लावावा लागत नाही. हे काम कार्डाला झेपत नाही म्हणून सॉफ्टवेअरवर येते, पण सॉफ्टवेअरला ते जवळजवळ फुकट पडते. जीएसओ पार्शल हीदेखील याच घरातली कल्पना: हेडरांचा जो भाग प्रत्येक तुकड्यात सारखाच राहू शकतो तो सॉफ्टवेअर आधी तयार करून ठेवते आणि कार्ड फक्त आतला टीसीपी कापते. आपल्याकडची चर्चा बहुधा 'हार्डवेअर की सॉफ्टवेअर' अशी होते. खरा फायदा मात्र अनेकदा कामाची अशी वाटणी करण्यात असतो.

येणाऱ्या पॅकेटांच्या बाजूला आधी एलआरओ होते. लागोपाठची टीसीपी पॅकेटे कार्डाने किंवा ड्रायव्हरने जोडून एकच मोठे पॅकेट वर द्यायचे, अशी ती सोय. मशीन फक्त स्वतःसाठी पॅकेटे घेत असेल तर त्यात अडचण नव्हती. पण तेच मशीन राउटर किंवा ब्रिज म्हणून काम करत असेल तर जोडलेले पॅकेट पुढे पाठवताना मूळ तुकडे परत मिळवता येत नसत, कारण जोडताना हेडरांतले बारीक फरक पुसले जात. म्हणूनच फॉरवर्डिंग चालू केले की लिनक्स एलआरओ बंद करतो. २००९ साली २.६.२९ मध्ये आलेल्या जीआरओने नियम कडक केला: ज्यांचे हेडर जुळतात तीच पॅकेटे जोडायची, म्हणजे पुढे जीएसओने कापल्यावर मूळ पॅकेटे जशीच्या तशी मिळतील. सॉफ्टवेअरने येथे हार्डवेअरची नक्कल केली नाही, तर हार्डवेअरने कसे वागावे ते ठरवून दिले आणि पुढे जीआरओचेच नियम पाळणारी हार्डवेअर सोय असे एक नवे नाव त्या यादीत आले. येणारी पॅकेटे अनेक प्रोसेसरांवर वाटून देणाऱ्या, कार्डातल्या आरएसएस या सोयीलाही आरपीएस हा सॉफ्टवेअरचा पर्याय २०१० पासून आहे. एकच रांग असलेल्या कार्डावर तो अजूनही कामी येतो.

येणाऱ्या चेकसमबाबत कर्नलची एक सवय सांगण्यासारखी आहे. कार्डाने दिलेल्या बेरजेवरून पॅकेट चुकीचे ठरत असेल तर कर्नल ते लगेच फेकत नाही. तो स्वतः पुन्हा बेरीज करतो, आणि पॅकेट बरोबर निघाले तर ते स्वीकारून लॉगमध्ये इंटरफेसच्या नावासह 'एचडब्ल्यू सीसम फेल्युअर' असा संदेश लिहितो. या संदेशाचे एक प्रसिद्ध कारण म्हणजे छोट्या इथरनेट फ्रेमच्या शेवटी भरलेले बाइट. किमान लांबी गाठण्यासाठी जोडलेले हे बाइट शून्यच असतील असे गृहीत धरून बेरीज केली आणि वाटेतल्या एखाद्या उपकरणाने तेथे भलतेच काही भरलेले असले, तर हिशेब चुकतो. हा संदेश पाहून अनेक जण घाबरतात आणि केबल बदलतात. वास्तविक तो सांगत असतो की मजकूर शाबूत पोहोचला, फक्त कार्ड किंवा ड्रायव्हरची बेरीज चुकली. जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज या संशोधकांनी २००० साली प्रत्यक्ष वाहतूक तपासून दाखवले होते की लिंकचा सीआरसी (फ्रेमसोबतचा वेगळा तपासणी आकडा) बरोबर असूनही टीसीपीचा चेकसम चुकलेली पॅकेटे ११०० ते ३२००० पॅकेटांमागे एक या प्रमाणात आढळतात. चुका तारेवर नव्हे तर यंत्रांच्या आत, मेमरीत आणि बसवर होत असतात, हे त्यातून पुढे आले. चेकसमचे काम कोणावर सोपवायचे हा प्रश्न म्हणूनच केवळ वेगाचा नाही.

पुढे ढकललेले काम ज्याला त्या कराराची माहितीच नाही त्याच्या हाती पडले तर काय होते, याचे उदाहरण व्हर्च्युअल मशीनच्या जगात घडले. होस्टवरचा (मूळ मशीनवरचा) डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे नेटवर्कचे पत्ते वाटणारा सर्व्हर, उत्तर पाठवतो, ते अर्ध्या चेकसमसह व्हर्च्युअल कार्डातून थेट गेस्टमध्ये (व्हर्च्युअल मशीनमध्ये) पोहोचते आणि मधे खरे कार्ड नसल्यामुळे चेकसम कोणीच पूर्ण करत नाही. गेस्टच्या कर्नलला ते चालते, कारण पॅकेट तारेवर गेलेलेच नाही हे त्याला कळवलेले असते. पण जुना डीएचसीपी क्लायंट कच्च्या पॅकेट सॉकेटवरून वाचून स्वतः चेकसम तपासत असे. त्याच्या दृष्टीने ते पॅकेट खराब, म्हणून तो ते टाकून देई आणि मशीनला पत्ता मिळत नसे. उपाय दोन निघाले. एक, पॅकेट सॉकेटने अर्जाला 'चेकसम अजून तयार नाही' अशी खूण देणे, आणि दुसरा, २०१० साली आयपीटेबल्स या फायरवॉलमध्ये आलेले चेकसम भरून देणारे टार्गेट, म्हणजे नियम लिहून मुद्दाम चालवलेला फॉलबॅक. पहिला उपाय खरा आणि दुसरा तात्पुरता, पण जुने क्लायंट शिल्लक होते तोवर दुसऱ्यावाचून गत्यंतर नव्हते.

आता मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारे प्रकरण, कर्नलमधले टीएलएस, म्हणजे जोडणीवरचा मजकूर एन्क्रिप्ट करणारा प्रोटोकॉल. चेकसमचा फॉलबॅक चुकला तर पॅकेट वाया जाते आणि टीसीपी ते पुन्हा पाठवते. टीएलएसचे एन्क्रिप्शन कार्डाकडे दिले असेल तर पाठवण्याच्या रांगेतली पॅकेटे उघड्या मजकुराची असतात. ती तारेवर पडण्यापूर्वी कार्ड त्यांना बंद करते. मध्येच रूट बदलला आणि तेच पॅकेट टीएलएस न जाणणाऱ्या दुसऱ्या कार्डाकडे निघाले तर? फॉलबॅक नसेल तर गुप्त मजकूर जसाच्या तसा बाहेर जाईल. म्हणून सॉकेटशी निगडित तपासणी दारातल्या त्या फंक्शनमध्ये बसवलेली आहे: पॅकेट नेमलेल्या कार्डाऐवजी दुसरीकडे चालले असेल तर प्रोसेसर तेथेच रेकॉर्डच्या (एकत्र एन्क्रिप्ट होणाऱ्या मजकुराच्या तुकड्याच्या) सुरुवातीपासूनचा मजकूर मिळवून ते एन्क्रिप्ट करतो, आणि त्यासाठी मेमरी मिळाली नाही तर पॅकेट टाकून देतो, पण उघडे जाऊ देत नाही. येणाऱ्या बाजूला तर याहून विलक्षण प्रसंग येतो. पॅकेटांचा क्रम बिघडला तर एकाच रेकॉर्डचा काही भाग कार्डाने उघडलेला आणि काही भाग बंदच, असे हाती येते. पूर्ण रेकॉर्डची सत्यता तपासायची तर सॉफ्टवेअरला उघडलेला भाग आधी पुन्हा एन्क्रिप्ट करावा लागतो आणि मग सगळे रेकॉर्ड नव्याने उघडावे लागते. हे दुप्पट काम आहे, पण त्याशिवाय खात्री नाही.

याच कसोटीवर संपूर्ण टीसीपी कार्डाच्या आत नेणारी टीओई ही कल्पना लिनक्सने का स्वीकारली नाही हे समजते. त्यात जोडणीची सगळी अवस्था कार्डात राहते. एखाद्या पॅकेटपुरते 'हे मी करतो' असे म्हणून ती प्रोसेसरने उचलावी अशी शिवणच तेथे नसते, फायरवॉल आणि रांगांची व्यवस्था बाजूला पडते आणि फर्मवेअरमधली सुरक्षेची चूक कर्नल बदलून दुरुस्त करता येत नाही. विंडोजमध्ये टीसीपी चिमनी या नावाने ही सोय आली होती. मायक्रोसॉफ्टनेही ती पुढे सोडून दिली. ज्या ऑफलोडला पॅकेटागणिक फॉलबॅक देता आला ते टिकले, असे मला दिसते.

माझी खरी तक्रार फॉलबॅकच्या मूकपणाबद्दल आहे. कालपर्यंत कार्ड करत असलेले काम आज एका नव्या बोगद्यामुळे प्रोसेसरवर आले तरी काहीच तुटत नाही, कोणताही इशारा येत नाही, फक्त प्रोसेसर तापतो. कर्नलच्या टीएलएसने येथे चांगला पायंडा पाडला आहे: किती जोडण्या कार्डावर आणि किती सॉफ्टवेअरवर चालल्या याची वेगळी मोजणी प्रॉक फाइल सिस्टीममधल्या त्याच्या आकडेवारीत मिळते. सेगमेंटेशन आणि चेकसमसाठी असा सरळ हिशेब असायला हवा होता. तो नसल्यामुळे आडवाटेने शोध घ्यावा लागतो. पर्फ हे प्रोसेसरचा वेळ कोठे जातो ते दाखवणारे साधन चालवले आणि 'एसकेबी सेगमेंट' किंवा 'सीसम पार्शल' ही नावे वरच्या ओळींत दिसली तर संशय घ्यावा.

त्याहून नेमका पुरावा दोन ट्रेसपॉइंट, म्हणजे कर्नलमधल्या नोंदीच्या जागा, देतात. 'नेट डेव्ह क्यू' हा पॅकेट रांगेत शिरताना नोंद करतो आणि 'नेट डेव्ह स्टार्ट एक्समिट' हा ड्रायव्हरला देताना, म्हणजे दारातली तपासणी झाल्यानंतर. पहिल्यात साठ हजारांच्या घरातली लांबी आणि दुसऱ्यात १५१४ (१५०० बाइट आणि इथरनेटचे १४ बाइटांचे हेडर) दिसली तर मधल्या वाटेत प्रोसेसरने तुकडे केले आहेत. दोन्हीकडे लांबी सारखीच मोठी असेल तर ते काम कार्डाकडे गेले आहे. पॅकेटे टिपून दाखवणारा टीसीपीडम्पही बाहेर जाणारी पॅकेटे याच दुसऱ्या टप्प्यावर पाहतो. त्यामुळे स्वतःच्या मशीनवरून निघालेल्या पॅकेटांपुढे तो चेकसम 'इनकरेक्ट' असल्याचे दाखवतो आणि त्यांची लांबी एमटीयूच्या कितीतरी पट दिसते, तेव्हा काही बिघडलेले नसते. कार्ड आपले काम करत असते. भौतिक कार्डावर ज्या दिवशी हीच पॅकेटे अचानक १५१४ बाइटांची आणि अचूक चेकसमची दिसू लागतात, त्या दिवशी फॉलबॅक सुरू झालेला असतो आणि मधे काय बदलले ते शोधायला तेथूनच सुरुवात करावी.